घायपाताचा दोर

यशवंतपूर, २१ जून २०२५

अण्णा,

नमस्कार, खुशाली, सगळं लिहिलंय असं समज. फोनवर आपण बहीणभाऊ दुसऱ्याच वाक्याला भांडायला लागतो, म्हणून कागद घेतला.

तुझं पार्सल पोचलं. बाबांच्या वर्षश्राद्धानंतर तुझ्याकडून आलेली ही पहिली वस्तू, आणि ती काय, तर बिस्किटांच्या डब्यात मातीसकट कोंबलेली काथ्याची गुंतवळ. वर चिठ्ठी : "हे किती जुनं ते सांग. आईला दाखवू नकोस." ना तिची तब्येत विचारलीस, ना माझी. तरी सांगते, आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण तो बोम्मसंद्र्यालाही दुखायचाच.

चिठ्ठीच्या मागे तू लिहितोस, अंगणातल्या संपिगेच्या झाडाच्या मुळाशी कमरेइतकं खणल्यावर हे लागलं. म्हणजे शेवटी तिथे हात घातलासच. श्राद्धाला सगळ्या नातेवाइकांसमोर तू आईला म्हणालास, "धन कुठे आहे ते तुला माहीत आहे आणि तू ते स्मृतीसाठी राखून ठेवलं आहेस." त्या संध्याकाळी ती माझ्याबरोबर निघाली, तेव्हापासून तुझं नाव तिच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. "घरी कधी जायचं?" हे मात्र रोज विचारते. घरी म्हणजे तिथेच, तुझ्याकडे. आणि त्याला जोडून, "तिथे खणत नाहीत ना कुणी?" का खणू नये, ते सांगत नाही. मी खोदून विचारलं की भाजी निवडायला घेते.

तुझी बाजू मला पाठ आहे. आपले पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि धामधुमीत एक पेटी पुरून ठेवली, हे मीही लहानपणापासून ऐकलंय. इकडच्या आपल्यासारख्या प्रत्येक मराठी घराची एकेक पेटी पुरलेली आहे. तेवढ्या पेट्या खरंच असत्या तर फौजेला तंबू ठोकायला जागा उरली नसती. पण पेटी संपिगेखालीच कशावरून, तर तुझं म्हणणं असं, की आई निर्माल्य तिथेच टाकते, समईतलं उरलेलं तेल तिथेच ओतते, कुणाला तिथे पाय ठेवू देत नाही. आणि बाबांनी जन्मात एकदाच तुला मारलं, ते तू गोट्या खेळायला तिथे गल खणलीस तेव्हा. हे सगळं खरं आहे. मलाही त्याचं उत्तर माहीत नाही.

तपासते. लॅबमध्ये दिवसभर निर्यातीच्या चटया आणि पोती तपासते, त्यात तुझाही एक नमुना. मला पायपुसणीवाली म्हणायचास ना, आता त्याच पायपुसणीवालीची पायरी चढलास म्हणून हसू आलं. राग आहेच, तो वेगळा.

आईला डबा दाखवला नाही. "बोम्मसंद्र्याहून काय आलं?" असं तिने विचारलं, तर पायपुसणीचा नमुना आहे असं सांगितलं.

स्मृती


यशवंतपूर, ९ जुलै २०२५

अण्णा,

पहिली गोष्ट, हा काथ्या नाही.

कुठल्याशा परदेशी बेटावर खजिन्याच्या खड्ड्यात नारळाचा काथ्या सापडला, तो व्हिडिओ तू मला तीनदा पाठवला आहेस. त्यामुळे तुला प्रत्येक तपकिरी तंतू काथ्या दिसतो. मी थोडे तंतू जाळून राख सूक्ष्मदर्शकाखाली धरली. काथ्या असता तर राखेत वाळूचे बारीक गोल कण रांगेने दिसले असते. इथे लांबट सुयांसारखे स्फटिक आहेत. हे घायपात आहे. शेताच्या कडेला काटेरी टोकांची जाड पाती असतात, इकडे ज्याला कत्ताळे म्हणतात, ते.

आता तुला न आवडणारा भाग. घायपात मुळात अमेरिकेकडचं झाड. इकडे त्याची कुंपणं आणि दोर घरोघर दिसू लागले ते फार तर इंग्रजांच्या काळात. शहाजीराजांच्या वेळी बंगळुरात घायपाताचे दोर वळत असतील असं मला तरी वाटत नाही.

दुसरी गोष्ट, ही गुंतवळ नाही, दोर आहे. तीन पदरी, चांगला घट्ट वळलेला. एका ठिकाणी गाठ अजून शाबूत आहे आणि गाठीच्या वर बोटभर भाग घासून गुळगुळीत झालाय. म्हणजे कशाला तरी, बहुधा आकड्याला, टांगलेला होता. पण तेवढाच भाग झिजलाय, तोही किंचित. विहिरीचा दोर असा राहत नाही. हा दोर विकत आणला, बांधला आणि जेमतेम वापरला, असं दिसतं.

तिसरी गोष्ट मला अजून कळलेली नाही. आपल्या तांबड्या मातीत, बंगळूरच्या पावसात, असा दोर पाच-सहा वर्षांत कुजून जायला हवा. हा टिकलाय. हाताला तेलकट लागतो. का, ते बघते आहे.

मी तंतू ओळखते, वय सांगणं माझं काम नाही. त्यासाठी कार्बनची चाचणी लागते. माझे जुने शिक्षक नरसिंहराव आयुष्यभर तेच काम करून निवृत्त झाले. आपल्यासारखे इथे जुने नाहीत, नोकरीसाठी साताऱ्याहून आलेले, त्यामुळे आपल्या पेटीची कथा ऐकून त्यांना फार मजा वाटली. त्यांच्याकडून करून घेते. वेळ लागेल. तोवर फावडं खाली ठेव.

आईला नवीन खोड लागली आहे. तिला गच्चीत कपडे वाळत घालायला मी नायलॉनची दोरी बांधून दिली होती, ती तिने सोडून ठेवली आणि शेजारच्या भूमिकाकडून तार मागून आणली. तिकडेही तारच होती, नाही का? दोर घरात नको, म्हणते. इतकी वर्षं ऐकतोय, पण का ते कधी विचारलंच नाही आपण.

स्मृती


यशवंतपूर, ४ सप्टेंबर २०२५

अण्णा,

"सोळाशे साठच्या आसपास! आता बोल." एवढाच तुझा मेसेज. पुढे फटाक्यांची चित्रं.

बोलते.

तुला थांब म्हटलं होतं. तू थांबला नाहीस, तुझ्याकडे उरलेला तुकडा त्या सयाजीच्या हाती दिलास आणि त्याने तो परस्पर चाचणीला पाठवला. सयाजीची मला आधीच चीड आहे. माणूस हातात दोन तारा धरून अंगणात फिरतो आणि त्या जिथे एकमेकींकडे वळतील तिथे धन आहे म्हणतो, अन् माझा इंजिनिअर भाऊ त्याला शुभदावहिनीच्या हातची कॉफी पाजतो. पण राग बाजूला ठेवते, कारण या वेळी चूक सयाजीची नाही. यंत्राने जे मोजलं ते बरोबरच मोजलं. फक्त दोर नुसता नव्हता.

नरसिंहरावांनी समजावलं तसं सांगते. झाड जिवंत असताना हवेतून एक विशिष्ट कार्बन घेतं. कापल्यावर तो हळूहळू कमी होत जातो. किती उरला त्यावरून वय. पण जमिनीच्या पोटातून निघणारं जे तेल, पेट्रोल-रॉकेलच्या जातीचं, त्यात तो कार्बन कधीच संपलेला असतो. ते तेल एखाद्या ताज्या दोरात मुरलं आणि तसाच तो यंत्रात घातला, तर दोर म्हातारा दिसतो. जितकं तेल जास्त, तितका म्हातारा.

मी माझ्याकडचा तुकडा धुतला. पाण्याने नव्हे, त्यासाठी वेगळं द्रावण लागतं, पण जे निघालं ते खनिज तेल होतं, आणि पुष्कळ होतं. थोड्याथोडक्या वर्षांत एवढं मुरत नाही.

हे तेल कुठलं ते तुलाही कळलं असेल; देवापुढच्या दिव्यासाठी स्वस्तात मिळतं ते बहुतेक खनिजच असतं. तरी मी आईला विचारलं. ती गव्हल्या करत बसली होती.

"आई, समईला तू कुठलं तेल घालायचीस?"

"दुकानातलं. देवाचं तेल म्हणून बाटलीत मिळतं ते. तिळाचं महाग पडतंय ना. का गं?"

"त्या पायपुसणीच्या नमुन्याला तसलंच तेल लागलंय."

तिने हात थांबवले. मग म्हणाली, "तेल चांगलं का वाईट त्याला?"

"चांगलं. पाणी शिरू देत नाही. त्यामुळेच दोर कुजला नाही."

दोर. मी आतापर्यंत पायपुसणी म्हणत होते. तोंडून निघून गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं, "सरी, असू दे," म्हणाली आणि परात तशीच ठेवून गच्चीत जाऊन बसली. रात्री जेवली नाही. खरं सांगायचं तर मला विचारायची भीती वाटली.

धुतलेला तुकडा नरसिंहरावांनी पुन्हा चाचणीला पाठवला आहे. शुभदावहिनी म्हणाल्या, दिवाळीनंतर तू जेसीबी आणणार आहेस, संपिगे मुळासकट काढणार आहेस. अण्णा, निकाल येईपर्यंत थांब. एवढी एकच गोष्ट मागते. पेटी असेल तर साडेतीनशे वर्षं थांबली, अजून थोडे दिवस थांबेल. झाड मात्र एकदा काढलं की गेलं.

स्मृती


यशवंतपूर, २७ ऑक्टोबर २०२५

अण्णा,

हे पत्र कुरिअरने पाठवत नाही. तू जेसीबीला शुक्रवारचं सांगितलं आहेस, आणि कुरिअरवाल्याचा भरवसा नाही. आता मेट्रो थेट बोम्मसंद्र्यापर्यंत जाते. मी स्वतः येऊन दाराखालून आत सरकवीन. घंटी वाजवणार नाही. तू दार उघडलंस तर आपण भांडू आणि हे सांगायचं राहून जाईल. बसून वाच. वहिनींना जवळ बसव.

निकाल आला. दोर साडेतीनशे वर्षांचा नाही. आपल्याच काळातला आहे. साठ-सत्तरच्या दशकांत अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे जगभरच्या हवेत तो कार्बन एकदम वाढला होता, त्यामुळे त्या वर्षांतली वस्तू लगेच ओळखू येते. तो आधी चढला आणि मग उतरला, म्हणून दोन उत्तरं येतात : एक चौसष्ट साल, नाहीतर एकाहत्तर ते त्र्याहत्तर. चौसष्टमध्ये आई त्या घरात आलेली नव्हती, आणि बाबा कॉलेजात होते. आई लग्न होऊन आली सत्तरमध्ये. तुझा जन्म चौऱ्याहत्तरचा.

कागद घेऊन मी आईसमोर बसले. म्हटलं, "आई, संपिगेखाली दोर तू ठेवलास का?"

म्हणाली, "मी नाही. तुझ्या बाबांनी."

आणि मग तिने सांगितलं. रडली नाही. गव्हल्यांचं माप सांगावं तसं सांगितलं, म्हणून मीही तसंच लिहिते.

तुझ्याआधी एक मुलगा झाला होता. बहात्तर साली, त्याच घरात. बाळ छान होतं, गोरं, डोक्यावर भरपूर जावळ. बारशाची तयारी झाली होती. पाळणा आजोळहून आला आणि बाबा स्वतः चिकपेटला जाऊन त्याला नवा दोर घेऊन आले. आढ्याच्या आकड्याला टांगला. दोन रात्री बाळ त्यात झोपलं. बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी ते उठलंच नाही. काय झालं ते कुणाला कळलं नाही, डॉक्टरलाही नाही.

एवढ्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात. अंगणातच पुरलं. पाळणा मठात दिला, पण तो दोर घ्यायला कुणी तयार होईना, घरात ठेवायला आई. बाबांनी तो बाळाजवळ ठेवला आणि वर माती लोटली. पावसाळा लागल्यावर आईने तिथे संपिगे लावला. खूण म्हणून, आणि तिथून कुणी चालू नये म्हणून.

त्यानंतर घरात दोर आला नाही. आपल्या दोघांचाही पाळणा लोखंडी साखळीचा होता, आठवतं? कडीपाटाच्या झोपाळ्याला तू नंतर लावल्यास त्याच साखळ्या. रोज देवाच्या समईत उरलेलं तेल ती तिथे ओतायची. तिथे दिवा लावला तर लोक विचारतील, तेल ओतलं तर निर्माल्यात खपून जातं, म्हणाली. पहिली कितीतरी वर्षं तिळाचं, मग बाटलीतलं. एवढी वर्षं तेल आत मुरत गेलं आणि दोर टिकून राहिला. बाकीचं काही राहिलं नसणार. इतकी कोवळी हाडं आपल्या मातीत उरत नाहीत, हे मला माझ्या कामामुळे माहीत आहे, आणि तुझी झोप उडू नये म्हणून लिहिते. तू खणलंस तेव्हा कुणाला दुखवलेलं नाहीस.

मी विचारलं, आम्हाला का सांगितलं नाहीस? मोठे झाल्यावर तरी?

म्हणाली, "व्यंकासाठी." श्राद्धानंतर पहिल्यांदा तुझं नाव घेतलं. "बारशाआधीच नाव ठरलं होतं, व्यंकोजी. पत्रिकेत छापलं होतं. कानात सांगायचं तेवढं राहिलं. पुढं हा झाला, तर तुझ्या आजोबांनी तेच ठेवायला लावलं. ह्याला कळलं तर वाटेल, मला उरलेलं नाव दिलं, दुसऱ्याच्या जागी मला आणलं. लहानपणी किती हळवा होता तो. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं, सांगायचं नाही. आता तू पण सांगू नकोस."

मी हो म्हणाले. आणि हे लिहिते आहे. तिला दिलेला शब्द मोडते आहे आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

तू सगळ्यांसमोर म्हणालास, ती माझ्यासाठी काहीतरी लपवते आहे. ती लपवत होती हे तुझं बरोबर होतं. पण ते तुझ्यासाठी. तुझा तो आरोप तिने तसाच अंगावर घेतला, घर सोडून माझ्याकडे येऊन राहिली, पण एका वाक्यात तुझं तोंड बंद करता आलं असतं ते वाक्य बोलली नाही. मला तुझा इतका राग आला आहे, अण्णा, आणि तितकंच तुझ्यासाठी वाईटही वाटतं आहे. दोन्ही एकदम कसं वाटतं ते विचारू नकोस.

शुक्रवारी काय करायचं ते तुझ्यावर आहे.

स्मृती


यशवंतपूर, ५ नोव्हेंबर २०२५

धाकट्या अण्णा,

मायना बघून दचकू नकोस, कारण खाली येईल.

जेसीबी दारातून परत पाठवलास ते वहिनींनी कळवलं. ड्रायव्हरने येण्याजाण्याचे पैसे मागून तमाशा केला आणि सयाजी त्याच्या बाजूने भांडला, हेही कळलं. सयाजीचा विषय इथे संपला असं समजते.

तुझा काल फोन आला तेव्हा मी स्पीकर लावला होता, हे तुला सांगितलं नाही. आई समोरच बसली होती. तू म्हणालास, "माझं नाव त्याचं आहे, त्याला परत देऊन टाका. मला काय, काहीही म्हणा." आईने मान हलवली आणि फोन बंद झाल्यावर म्हणाली, "हा 'नको, बेडा' म्हणायचं तिथं हट्ट करतो आणि हट्ट करायचा तिथं सगळं देऊन बसतो. पन्नास वर्षं वापरलेलं नाव कुणी परत घेतंय का?"

पण तिच्या मनातून ते गेलं नाही. आज सकाळी दळण निवडताना म्हणाली, त्याचं बारसं करू या. नाव कानात सांगायचं राहिलंय ते सांगू या. आत्या असती तर तिने सांगितलं असतं, आता ती नाही, बहिणीने सांगितलं तर चालेल. म्हणजे मी. नाव काय सांगू, विचारलं. एक खडा वेचून बाजूला टाकत म्हणाली, "तुम्ही दोघांनी त्याला काय म्हटलं असतं?"

अण्णाच म्हटलं असतं, दुसरं काय. घरातल्या मोठ्याला आपण तेच म्हणतो. तुलाही मी जन्मभर तेच म्हणत आले, तू मोठा म्हणून. आता कळलं, तुलाही एक अण्णा होता. तुला कधी कुणाला अण्णा म्हणायला मिळालं नाही. रविवारी मिळेल. तुझ्या तोंडून तो शब्द कसा ऐकू येतो ते मला ऐकायचंय.

तर रविवारी सकाळच्या मेट्रोने आम्ही येतोय. आई कायमची येते आहे. तिची बॅग परवापासून भरून दाराशी आहे, आणि तिला बोम्मसंद्र्याच्या स्टेशनवरचा सरकता जिना बघायचाय. गुडघ्यासाठी लिफ्ट आहे असं मी सांगितलं, तर माझ्यावरच रागावली. स्टेशनवर घ्यायला तू ये. वहिनींना पाठवू नकोस.

खड्डा बुजवू नकोस, तसाच ठेव. दोर परत ठेवायचा आहे. मी जाळलेला आणि दोन्ही चाचण्यांना गेलेला भाग मिळणार नाही, पण गाठीसकट बाकीचा माझ्याकडे आहे. तुझ्या त्याच बिस्किटांच्या डब्यात घालून आणते. आईने काल तो पहिल्यांदा हातात घेतला. गाठीवरून अंगठा फिरवत म्हणाली, ही गाठ तुझ्या बाबांनी मारली होती, त्यांना दुसरी येतच नव्हती.

माती लोटताना वर तेल लागेल. मी म्हटलं, या वेळी चांगलं तिळाचं आणू, घाण्याचं. आई ऐकेना.

"तिळाचं बेडा," म्हणाली. "व्यंकाला सांग, बाटलीतलंच आण, नेहमीचं. त्यानंच टिकलाय तो."

स्मृती